नव्या तिरंदाजाचे बाण इतके का मोडतात?

२०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जागतिक विजेते झाले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांच्या प्रकाराला, म्हणजे कंपाउंड धनुष्याच्या मिश्र सांघिक स्पर्धेलाही जागा मिळाली आहे. अशा बातम्या आल्या की गावात कुणाला तरी तिरंदाजीची हुक्की येते. कंपाउंड धनुष्य चाकांचं आणि महाग, म्हणून घरी येतं ते साधं धनुष्य, लाकडाचं नाहीतर बांबूचं. सोबत सहा बाण. पंधरा दिवसांत त्यातले चार मोडतात आणि विकणाऱ्याच्या नावाने खडे फोडले जातात.

कधी कधी खरोखरच माल वाईट असतो. पण मोडका बाण फेकण्याआधी जरा निरखून पाहा. बहुतेक वेळा तो टोकाच्या मागे दोन-तीन बोटांवर गेलेला असतो. मोडही आडवी सरळ नसते. आंब्याच्या कलमाची काडी छाटावी तशी तिरकी, लांबट, एका अंगाला फाटत गेलेली असते. दांडीवर आडवा जोर आल्याची ही खूण. टोक कुठेतरी अडकून थांबलं, पण मागची दांडी अजून बाजूला जायला बघत होती, आणि दोघांच्या ओढाताणीत टोकामागचा भाग गेला. बाण लांबीच्या दिशेने बराच मार सोसतो, आडवा मात्र फार थोडा. पुढची सगळी काळजी या एका गोष्टीसाठी आहे.

आधी चार शब्द

बाणाला पुढे टोक, मध्ये दांडी, मागच्या अंगाला पिसं आणि अगदी शेवटी दोरीत बसणारी खाच असते. पाचवा शब्द आहे ‘ताठा’. दुकानात त्याला स्पाइन म्हणतात. दांडी किती सहज वाकते किंवा वाकत नाही, त्याचं हे माप. माणसाचा ताठा मोजता येत नाही, बाणाचा येतो. कसा, ते पुढे.

सोडलेला बाण सरळ जातच नाही

खराट्यातला एक हीर घ्या. त्याचं एक टोक भिंतीला टेकवा आणि दुसऱ्या टोकावर बोटाने दाबा. हीर आखूड होत नाही, मधोमध बाक धरतो. दोरी सुटते तेव्हा बाणाचं हेच होतं. मागून अचानक रेटा येतो, पुढचं जड टोक जागचं हलायला वेळ लावतं आणि मधली दांडी वाकते. मग ती उलट्या बाजूला वाकते, पुन्हा या बाजूला. पाण्यातून जाणाऱ्या वाम माशाच्या चालीसारखा बाण हवेतून वळवळत जातो.

साध्या धनुष्यात या वळवळीची गरजच असते. मुठीच्या मधोमध धनुष्याची दांडी आडवी येते, बाण तिच्या कडेला टेकलेला असतो, आणि दोरी मात्र बरोबर मध्यावर धावते. बाण वाकून त्या अडथळ्याला वळसा घालतो आणि पलीकडे गेल्यावर पिसं त्याला हळूहळू सावरतात. ताठा योग्य असेल तर दहा-बारा पावलांत वळवळ बरीच निवते. ताठा फार जास्त असेल तर बाण वळसा न घालता धनुष्याच्या कडेवर आपटतो आणि उजव्या हाताने खेचणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार कमी असेल तर तो प्रमाणाबाहेर वाकतो आणि उजवीकडे जातो. अगदी लुळा बाण दोरी सुटतानाच मोडू शकतो, आणि तोही मुठीजवळ. दोन्ही चुकांत बाण निशाणावर शेपूट हलवत, तिरका पोचतो. टोक रुततं आणि शेपटीचा झटका सगळा टोकामागच्या दोन बोटांवर येतो.

थांबायला जागा किती लागते?

२५ पाउंडांच्या, म्हणजे पूर्ण खेचायला साधारण ११ किलोचा जोर लागणाऱ्या धनुष्यातून २५-२६ ग्रॅमचा बाण ताशी १३० किलोमीटरच्या आसपास सुटतो. चांगल्या वेगवान गोलंदाजाच्या चेंडूचा हा वेग. असा झेल घेताना आपण हात मागे नेतो, कारण चेंडूला थांबायला जागा दिली की हाताला कमी लागतं.

बाणाचा हिशेबही तोच. त्याला पेंढ्यात २० सेंटिमीटर रुतू दिलं तर त्याच्यावर येणारा सरासरी जोर आठ-नऊ किलोच्या वजनाएवढा असतो. तोच बाण जांभ्याच्या चिऱ्यावर दोन मिलिमीटरमध्ये थांबायचा म्हटला तर तो जोर आठ-नऊशे किलोच्या घरात जातो. पेन्सिलीएवढ्या जाडीची दांडी त्याच्या कितीतरी आधी हार मानते.

गडगा, सडा आणि माड

म्हणून निशाणाच्या आधी निशाणाच्या मागे बघा. कोकणात वाडीची हद्द म्हणजे चिऱ्यांचा गडगा, घराची भिंत चिऱ्याची आणि सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, पायाखाली कातळ. शिकणाऱ्याचे दहांतले तीन-चार बाण सुरुवातीला चुकणारच. ते जिथे जातात तिथेच मोडतात.

मऊ मातीची दरड मागे असेल तर उत्तम, पण आधी तिच्यातले जांभ्याचे गोटे वेचून काढा. तांबड्या मातीत ते वरून दिसत नाहीत. दरड नसेल तर जुनं मासेमारीचं जाळं लावा. इथे एक चूक हमखास होते. मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या भोकांचं, जाळं मिळतं म्हणून आणतात आणि बाण आसातून पार जातो, वर पिसंही सोलली जातात. डोल नावाच्या पिशवीसारख्या जाळ्याचा शेपटाकडचा, बारीक आसाचा तुकडा शोधा. तो दुहेरी-तिहेरी घडी घालून निशाणाच्या मागे मीटरभर अंतरावर टांगा. ताणून मात्र बांधू नका. वरून लोंबता ठेवा आणि खाली हातभर जाळं जमिनीवर लोळू द्या. सैल जाळं बाणाबरोबर मागे जातं. ताणलेलं जाळं एकतर त्याला परत फेकतं नाहीतर फाटतं. जाळ्यामागेही माणूस, गुरं, पायवाट नसावी. जाळं बाण वाचवण्यासाठी आहे, माणसांचा भरवसा त्याच्यावर टाकू नये.

माडाच्या खोडाला निशाण टांगणं तर विसराच. बाण खोडात शिरला की निघत नाही, आणि सोंड्या भुंगा अशा जखमांतच अंडी घालतो. एका बाणापायी माड जायचा.

पुळणीवर मोकळं असतं, मग तिथे का नको? ओहोटीची ओली वाळू फरशीसारखी कडक असते; सपाट कोनात आलेला बाण तिच्यावरून घसरून उडतो. कोरड्या वाळूत तो शिरतो, पण दिसेनासा होतो आणि पुढच्या पावलाखाली मोडतो. शिवाय किनारा सार्वजनिक आहे. एवढ्यावर प्रश्न संपायला हवा.

निशाण घरी करायचं तर

पन्नास किलोचं रिकामं गोणपाट घ्या. त्यात जुने सुती कपडे, फाटकी लुगडी, चादरी कोंबा. त्याआधी बटणं, हूक आणि चेन कापून टाका, कारण चेनच्या एका दातावर आपटलेलं टोकही वाकतं. पोतं पायाने दाबून दाबून भरा. अंगठ्याने दाबल्यावर पेरभर आत गेलं पाहिजे. त्याहून मऊ असेल तर बाण पार जाईल, फार कडक असेल तर उसळेल. भरलेलं पोतं पंधरा किलोच्या पुढे जातं, तेव्हा टांगणारी दोरी चांगली असू द्या. टांगलेलं पोतं प्रत्येक बाणाबरोबर थोडं मागे झुलतं. तेवढी जागाही बाणाला मिळते.

भाताच्या पेंढ्याचं निशाण आणखी चांगलं. पेंढ्याचे वीतभर जाड वेठ वळून, एकावर एक दाबून काथ्याने घट्ट आवळायचे. टोक पेंढ्याच्या काड्यांमध्ये शिरलं पाहिजे, काड्यांवर आडवं आपटता कामा नये. निशाण लाकडी घडवंचीवर ठेवणार असाल तर तिच्या पायांपुढे जुने टायर उभे करा. निशाणाखालून गेलेले बाण नेमके त्या पायांवर मरतात.

नारळाच्या सोडणांचा मोह टाळा. घरात ढीग असतो म्हणून पोत्यात भरावीशी वाटतात. तो चिवट काथ्या दांडीला असा धरून ठेवतो की बाण लागताना वाचतो आणि उपसताना मोडतो.

पाच मीटरांवरून सुरुवात

नव्या माणसाला अंतराची घाई असते. पहिले काही दिवस निशाण पाच मीटरवर हवं. सहाच्या सहा बाण जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसू लागले की आठ मीटर, मग दहा. मध्येच एकदम वीस मीटरवर उडी मारलीत तर बाणांचा खर्च तुमचा तुम्हाला कळेल.

पण जवळून नेम बसू लागला की नवा तोटा सुरू होतो: बाण बाणावर आपटतो, मागच्याची खाच फुटते, पिसं कापली जातात. म्हणून एकाच ठिपक्यावर सहा बाण मारू नका. पोत्यावर खडूने चार-पाच ठिपके काढा आणि एकेका ठिपक्याला एकच बाण द्या. दिवसाला तीसेक बाण पुरे. खांदा थकला की हात खाली येतो आणि बाण निशाणाच्या खाली जमिनीत जातात.

वेळ सकाळची धरा. ऊन चढलं की समुद्राकडून खारे वारे सुरू होतात आणि दुपारी जोर धरतात. आडव्या वाऱ्यात बाण सरकतोच, शिवाय तिरका पोचतो. पहाटेचे मतलई वारे त्यामानाने मंद असतात.

ताठा मोजायचा कसा?

भिंतीत बरोबर ६६ सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे समान उंचीवर ठोका आणि त्यांवर दांडी आडवी ठेवा. एका बाटलीत पाणी भरत भरत बाटलीसकट वजन ९०७ ग्रॅम करा. वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन मिनिटांचं काम आहे. ही बाटली दांडीच्या मध्यावर टांगा आणि दांडी किती खाली वाकली ते पट्टीने मोजा. साधारण २६ मिलिमीटर वाकली तर ताठा २५ पाउंडांचा, २२ वाकली तर ३० चा, १९ वाकली तर ३५ चा, साडेसोळा वाकली तर ४० चा. जितकी कमी वाकेल तितकी ताठ.

आता धनुष्याकडे या. त्यावर लिहिलेला आकडा बहुधा ७१ सेंटिमीटर, म्हणजे २८ इंच खेचल्यावरचा असतो. तुम्ही तितकं खेचता का? दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी घ्या आणि अडीचने भागा. १६५ सेंटिमीटरची वाव असेल तर खेच ६६ सेंटिमीटर, म्हणजे २६ इंच. प्रत्येक इंचाला साधारण दोन पाउंड कमी धरले तर २५ पाउंडांचं धनुष्य तुमच्या हातात २१ चंच आहे. खात्री करायची तर मासे तोलायचा लटकता स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवून तेवढंच खेचा आणि आकडा वाचा.

अशा धनुष्याला २५ ते ३० पाउंड ताठ्याचे बाण घेऊन सुरुवात करा. त्याच धनुष्याला कुणी ५० पाउंड ताठ्याचे बाण ‘मजबूत आहेत’ म्हणून देत असेल तर घेऊ नका. ते हातात मजबूत वाटतील, पण प्रत्येक वेळी धनुष्याच्या कडेवर आपटून तिरके जातील आणि लुळ्या बाणांइतकेच मोडतील.

लांबीत मात्र कंजुषी नको. बाण खेचेपेक्षा किमान पाच सेंटिमीटर लांब ठेवा, म्हणजे वरच्या उदाहरणात ७१. आखूड बाण जोशात जास्त खेचला गेला की टोक धनुष्याच्या आत येतं आणि सोडताक्षणी मुठीत किंवा दांडीत घुसतं. उलट बाजूने, इंचभर लांबी वाढली की बाण सुमारे पाच पाउंडांनी लुळा वागतो, तेव्हा दोरीएवढा लांबही नको.

“पूर्वी हे कोण मोजत होतं?”

हा आक्षेप हमखास येतो, आणि रास्त आहे. रायगड-पालघरकडे कातकरी, वारली पिढ्यान्पिढ्या तिरकामठा वापरत आले, त्यांनी कुठे बाटल्या टांगल्या? मोजमाप तिथेही असतं. ते हातात असतं. आयुष्यभर बांबू हाताळलेला माणूस काडी दोन बोटांत वाकवून सांगतो, ही चालेल, ही नाही. ज्याला ते हात नाहीत त्याने बाटली टांगावी.

बांबूचा बाण स्वतः करणार असाल तर काडीची निवड अर्धी लढाई आहे. यंदाचा कोवळा कोंब नको. तीनेक वर्षांचा बांबू पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडा. काही आठवडे वाहत्या पाण्यात किंवा खाडीत बुडवून ठेवा, म्हणजे आतली साखर आणि पिष्ट निघून जातं आणि घुण कमी लागतो. मग दोन-तीन महिने सावलीत वाळवा. सिंधुदुर्गात होणारा माणगा जवळजवळ भरीव असतो. त्याची चीर काढून रंध्याने गोल तासली तर चिवट दांडी मिळते. अख्ख्या बारीक काडीचा बाण करत असाल तर खाचेच्या जरा पुढे पेर येईल असा तुकडा कापा. दोरीच्या मारामुळे खाचेपासून सुरू झालेली फाट पेरावर अडते. लाकडी दांडीत पेर नसतं, म्हणून खाच लाकडाच्या रेषांना काटकोनात कापतात. रेषांच्या दिशेने कापली तर दोरी पाचरीचं काम करते.

टोक बसवताना आत फट ठेवू नका. दांडीचं तोंड टोकाच्या आत पूर्ण टेकलं पाहिजे. पत्त्याच्या जाडीएवढी पोकळी राहिली तरी प्रत्येक ठोक्याला दांडीचं तोंड चेचत जातं. टोकामागे तीन सेंटिमीटर मजबूत दोरा फेऱ्याला फेरा लागून गुंडाळा, त्यावर गोंद मुरवा. सुरुवातीला सांगितलेली ती तिरकी फाट नेमकी इथे सुरू होते.

खाच दोरीवर किती घट्ट हवी? बाण दोरीला अडकवून खाली लोंबता सोडा. तो पडता कामा नये. मग दोरीवर टिचकी मारा. आता पडला पाहिजे. सैल खाच दोरीवरून निसटते आणि धनुष्य रिकामंच सुटतं. त्यात बाण नाही, धनुष्यच मोडतं.

उपसताना मोडलेले बाण

हे वाचून नवल वाटेल, पण निशाणावर नीट लागलेले बाण काढतानाही पुष्कळ मोडतात. लोक पिसांकडचं टोक धरतात आणि खालीवर हलवून ओढतात, खुंटी उपटावी तसं. डाव्या हाताचा पंजा निशाणावर सपाट ठेवा, बाण तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये येऊ द्या. उजव्या हाताने निशाणाला अगदी चिकटून दांडी धरा आणि ज्या रेषेत ती शिरली त्याच रेषेत, किंचित फिरवत, मागे ओढा. मागे कुणी उभं नको. हात घसरत असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दांडीभोवती धरा. दांडीच्या पुढच्या वीतभर भागाला कोरडा साबण घासून ठेवला की बाण सहज सुटतो. खाऱ्या हवेत लोखंडी टोकं आठवड्यात गंजतात आणि गंजलं टोक जास्त रुतून बसतं. सराव झाला की तेलाच्या फडक्याने पुसा.

गवतात हरवलेला बाण सापासारखा गवताखाली आडवा पसरलेला असतो. पाय घासत शोधू नका, वाकून हाताने शोधा. सापडला की टोकाकडून पुढे ओढून काढा, म्हणजे पिसं उलटी फिरत नाहीत.

पावसाळ्यातले चार महिने

जूनमध्ये कोपऱ्यात टेकवून ठेवलेला बाण सप्टेंबरला धनुष्यासारखा वाकलेला मिळतो. लाकूड आणि बांबू दमट हवेत पाणी पितात आणि ज्या आकारात टेकलेले असतील तो आकार धरतात. बाण पडवीत नको. घरात, चुलीच्या उबेच्या खोलीत, तीन खुंट्यांवर आडवे किंवा खाचेकडून उभे टांगा. दांडीला पाऊस सुरू होण्याआधी अळशीच्या तेलाचे दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. होडीला लावतात म्हणून काजूच्या टरफलांचं तेल कुणी सुचवेल. ते बिब्ब्यासारखं अंगावर उततं, आणि बाण तर बोटांतच धरायचा असतो. पिसांना कसर लागते. डबीत डांबरगोळी ठेवा. भिजून चपटी झालेली पिसं किटलीच्या वाफेवर क्षणभर धरली की पुन्हा फुलतात.

वाकलेला बांबूचा बाण सरळ करता येतो. तो आरशावर घरंगळवा. जिथे खालून उजेडाची फट दिसेल तिथे बाक. तो भाग निखाऱ्यांपासून वीतभर वर, फिरवत फिरवत, हाताला सोसवेना इतका तापवा. मग फडक्याने धरून उलट्या बाजूला किंचित जास्त वाकवा आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवा. काळा पडेपर्यंत भाजलात तर बांबू ठिसूळ होतो.

मग कार्बनचेच घेतले तर?

कार्बनची दांडी पावसात वाकत नाही, ही तिची मोठी सोय. पण तिला आतून चीर गेली तर बाहेरून दिसत नाही, आणि तशी दांडी दोरी सुटताना फुटली तर तिचे सुईसारखे धागे थेट धनुष्य धरलेल्या हातात शिरतात. साध्या धनुष्यात बाण बहुधा मुठीवरच टेकलेला असल्याने धोका जास्त.

म्हणून दांडी कसलीही असो, कुठे आपटली की पुन्हा दोरीवर चढवण्याआधी तपासा. टोकापासून खाचेपर्यंत नखाची कड फिरवा. दोन्ही टोकं धरून, चेहऱ्यापासून दूर, तीन-चार सेंटिमीटर वाकवा, थोडी फिरवून पुन्हा वाकवा, पूर्ण वळसा होईपर्यंत. बारीकसा ‘चर्र’ आवाज आला तरी बाण बाद.

आणि मोडलेला जोडता येतो का? मोड टोकालगत असेल आणि तेवढा तुकडा कापूनही बाण खेचेपेक्षा पाच सेंटिमीटर लांब उरत असेल, तर कापा, नवं टोक बसवा. बाण आखूड झाल्याने थोडा ताठ वागेल, एवढंच. मोड मध्यावर असेल तर कितीही चांगला गोंद लावला तरी तो बाण पुन्हा दोरीवर नको. बाद केलेल्या दांडीचे तिथल्या तिथे दोन तुकडे करा, म्हणजे चुकून कुणी उचलून मारणार नाही. बांबूचे असतील तर परसातल्या मिरचीच्या रोपांना टेकू म्हणून बरे पडतात.